'मित्र' नावाचा तारा आणि या उन्हाळ्यात वाचलेल्या विज्ञान कादंबऱ्या

माळवी_वाचक (इंदूर)

या उन्हाळ्यात लागोपाठ चार विज्ञान कादंबऱ्या वाचल्या. दुपारी कूलरसमोर बसून आणि रात्री गच्चीवर गादी टाकून. लिउ त्सीशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', अँडी वीअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' आणि किम स्टॅन्ले रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर'. या तिन्ही संपल्यावर मराठीची भूक लागली, म्हणून कपाटातून नारळीकरांची 'वामन परत न आला' काढली. ती तिसऱ्यांदा वाचली. तुम्ही यातलं काय वाचलंय, काय पटलं, काय खटकलं ते सांगा. शेवट फोडू नका.

सुरुवात मी करते. 'थ्री-बॉडी' चीनमध्ये 2006 साली मासिकातून क्रमशः आली, 2008 मध्ये पुस्तक झालं. केन लिउ यांचा इंग्रजी अनुवाद 2014 चा, आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मला तिने पहिल्या काही पानांतच धरलं. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस, 1967. भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक भर सभेत उभे केलेत, कारण ते सापेक्षता शिकवतात. मारणाऱ्या मुली शाळकरी वयाच्या. आणि त्यांची मुलगी ये वेन्जिए गर्दीत उभी राहून हे सगळं बघते आहे. पुढे हीच मुलगी आकाशाकडे संदेश पाठवते. तिकडून उत्तर येतं की पुन्हा बोलू नका, नाहीतर आम्हाला तुमचा पत्ता लागेल. तरीही ती बोलते. परग्रहवासी येणार याची मला तितकी भीती वाटली नाही. त्यांना बोलावणाऱ्या बाईचं मला पटलं, त्याची वाटली. पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उठवेना.

ते परके येतात अल्फा सेंटॉरीहून. हा तारा आपल्याकडे कुठला म्हणून शोधलं, तर मराठीत त्याचं नाव 'मित्र'! नरतुरंग तारकासमूहातला मित्र, आणि शेजारचा मित्रक. जिथून शत्रूचं आरमार निघालंय त्या ताऱ्याला आपण मित्र म्हणतो हे कळल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आजोबा सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव मित्राचंच घ्यायचे, म्हणजे सूर्यही मित्रच. आणि वेन्जिएचा संदेश इतका लांब पोचतो तो सूर्याच्याच मदतीने. ती सूर्याला कर्ण्यासारखं वापरते.

हा तारा इंदुरातून दिसतो का? कुणी पाहिलाय?

गच्चीवरून (इंदूर)

दिसतो ताई. पण शहरातून जवळजवळ नाहीच. इंदूर साधारण 22.7 उत्तर अक्षांशावर आणि मित्र जवळपास 61 अंश दक्षिणेला. त्यामुळे तो सगळ्यात वर येतो तेव्हाही दक्षिण क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, तेवढाच. समोर एखादं घर आलं की संपलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास तो ऐन दक्षिणेला असतो.

आता कादंबरीबद्दल. मला आवडली, पण एक गोष्ट घशाखाली उतरली नाही, आणि ती बारीक नाही. सगळा डोलारा कशावर उभा आहे? तर तीन सूर्यांच्या मध्ये सापडलेला ग्रह कधी होरपळेल आणि कधी गोठेल हे सांगताच येत नाही, यावर. तीन पिंडांचं गणित सुटसुटीत सूत्रात बसत नाही हे खरंच आहे. फ्रेंच गणिती पोआंकारेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यातूनच कोलाहलाच्या गणिताची वाट उघडली. पण मित्राचे तीन तारे तसे नाहीतच. त्यातले दोन मोठे एकमेकांभोवती सुमारे 80 वर्षांत फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून इतका दूर आहे की त्याला एक फेरी घालायला साडेपाच लाख वर्षांच्या आसपास लागतात. घरात नवरा-बायको आणि तिसरा माणूस दूरच्या गावी, अशी रचना. ती स्थिर राहते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हेही तीनच आहेत, तरी शंभर वर्षांनंतरचं ग्रहण आपण आज सांगतो.

विज्ञान कादंबरीत विज्ञानच वाकवायचं असेल तर खऱ्या ताऱ्याचं नाव कशाला घ्यायचं? एखादा काल्पनिक तारा घेतला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

माळवी_वाचक

काल्पनिक तारा चालला नसता, दादा. हिशेब बघा. वेन्जिए 1971 मध्ये संदेश पाठवते आणि उत्तर येतं 1979 मध्ये. आठ वर्षं! म्हणजे ऐकणारा चार प्रकाशवर्षांवरच हवा. तारा शंभर प्रकाशवर्षांवर असता तर पाठवणारी कधीच गेलेली असती, उत्तर तिसऱ्याच कुणाच्या हाती पडलं असतं, आणि कादंबरीच उरली नसती. एकाच बाईच्या आयुष्यात अपराध, वाट पाहणं आणि निर्णय हे तिन्ही बसवायचं तर शेजारचाच तारा लागतो. लेखकाने खगोलशास्त्राशी खोटेपणा केला तो एकदाच, आणि कशासाठी केला ते दिसतं. त्यानंतर मात्र तो त्या खोट्याचे सगळे परिणाम भोगतो, एकातूनही अंग काढून घेत नाही. तिथले जीव कठीण काळात स्वतःला सुकवून गुंडाळून ठेवतात, ओल आली की पुन्हा जिवंत होतात. त्यांच्याकडे संस्कृती उभी राहते, कोसळते, पुन्हा उभी राहते. इतकी पाळलेली चूक मी माफ करते.

मी ज्या पुस्तकांवर चिडते ती वेगळी. त्यांत सगळं बरोबर असतं आणि शेवटच्या दहा पानांत लेखकाला सोयीचं एखादं यंत्र सापडतं.

भौतिकचे_सर (इंदूर)

मी तीस-एक वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. गच्चीवरून यांचा आक्षेप बरोबर आहे, आणि आणखी एक त्यात घालतो. सूर्य रेडिओसंदेश अशा रीतीने मोठा करून देत नाही, तो भाग निव्वळ कल्पित आहे. तरीही मी माळवी_वाचक यांच्या बाजूने आहे, कारण मला जिथे लागायचं तिथे पुस्तक लागलं.

त्यातले 'सोफॉन' आठवा. शत्रूने पाठवलेले प्रोटॉनएवढे बुद्धिमान कण. ते जगभरातल्या कणप्रवेगकांमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमध्ये, शिरतात आणि प्रत्येक प्रयोगाचं उत्तर बिघडवून टाकतात. तोच प्रयोग, तीच जुळणी, पण दर वेळी वेगळंच उत्तर. काही शास्त्रज्ञ जीव देतात. माझ्या मुलीला हे अतिरंजित वाटलं. मला नाही वाटलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायला लावायचो. कुणाचं 9.6 यायचं, कुणाचं 10.1. पोरं हळूच खोडून 9.8 लिहायची. मी ती वही परत द्यायचो आणि म्हणायचो, तुझं 9.6 मला हवंय, ते का आलं ते शोध. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नसेल, झोका फार मोठा दिला असेल. कारण सापडतंच, या भरवशावर माझी सगळी शिकवणी उभी होती. कारण कधीच सापडणार नाही असं जग लिउने उभं केलं, आणि त्या प्रकरणानंतर मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही.

मुलांना घेऊन आपल्या 'कॅट'मध्ये जायचो. नाव आता राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र असलं तरी जुने इंदूरकर कॅटच म्हणतात. तिथलं इंडस-2 हे 172 मीटर परिघाचं कडं. त्यात 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत असतात. ते यंत्र कण एकमेकांवर आपटण्यासाठी नाही. चुंबकांमुळे वळताना इलेक्ट्रॉन जो प्रकाश टाकतात, क्ष-किरणांपर्यंतचा, तो बाहेर काढून त्यात पदार्थाची आतली रचना बघतात. कादंबरी वाचल्यावर मला पहिल्यांदा ते कडंच डोळ्यांसमोर आलं. आपल्या गावात, पोहे-जिलेबीच्या गाड्यांपासून काही किलोमीटरवर, रोज कोणीतरी निसर्गाला प्रश्न विचारतंय आणि तेच उत्तर पुन्हा येईल यावर विश्वास ठेवतंय.

सोफॉनला मराठीत काय म्हणाल? चिनी शब्दात बुद्धी आणि कण दोन्ही आहेत म्हणे.

माळवी_वाचक

प्रज्ञाकण?

गच्चीवरून

प्रज्ञाकण झकास आहे. मग 'हेल मेरी'मधल्या अ‍ॅस्ट्रोफेजला, म्हणजे ताऱ्यांची ऊर्जा पिणाऱ्या जीवांना, ताराभक्षी म्हणू. जीवाणू खाणाऱ्या विषाणूंना जीवाणूभक्षी म्हणतातच.

षड्ज_पंचम (इंदूर)

मी गाणं शिकवते. विज्ञानाचा माझा संबंध दहावीला संपला. पण भाच्याने 'प्रोजेक्ट हेल मेरी' हातात दिली आणि म्हणाला, आत्या, यातला परग्रहवासी सुरांत बोलतो. मग वाचलीच!

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: ताराभक्षी जीव सूर्याची ऊर्जा पितात, शुक्रावर जाऊन वाढतात, आणि सूर्य मंद होऊ लागतो. शेजारपाजारचे इतर तारेही मंदावताहेत, फक्त टाउ सेटी नाही. का नाही, हे बघायला यान जातं. त्यात उरतो एकच माणूस, आणि तो शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. तिथे त्याला रॉकी भेटतो. पाच पायांचा, दगडासारखा, डोळेच नाहीत. आवाजानेच त्याला सगळं 'दिसतं', आणि बोलतो तो एका वेळी अनेक स्वरांचे गुच्छ वाजवून.

मास्तर आधी संगणकावर प्रत्येक स्वरगुच्छाची नोंद करतो. हा आवाज म्हणजे हा शब्द. तक्ता वाढत जातो. आणि मग एका टप्प्यावर त्याला तक्त्याची गरजच उरत नाही, रॉकी बोलतो आणि त्याला कळतं. मी वाचताना थांबले आणि मोठ्याने म्हणाले, हेच तर! माझ्या मुली पहिली दोन वर्षं वहीत स्वर लिहून घेतात. मग एक दिवस मारवा लागतो आणि त्यांना तो 'मारवा' म्हणून ऐकू येतो, रे आणि ध मोजावे लागत नाहीत. लेखकाला संगीत किती कळतं मला माहीत नाही, पण शिकणं कळतं.

तक्रारही आहे. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर, आणि त्याचा अर्थ मागच्या-पुढच्या स्वरांवरून ठरतो. उस्ताद अमीर खाँ साहेबांचा विलंबित ऐका. एका स्वराकडून दुसऱ्याकडे ते ज्या सावकाशीने जातात, त्यात बोलणं असतं. रॉकीच्या भाषेत शब्द सुटे आहेत, मींड नाही. दोन शब्दांच्या मधला प्रवास कुणी लिहिलाच नाही. या इंदुरात, जिथे त्या गायकीला गावाचं नाव मिळालं, तिथे बसून वाचताना मला ही जागा रिकामी दिसली. ती भरणारी कादंबरी कुणीतरी मराठीत लिहायला हवी.

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

मी फक्त 'मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर'बद्दल बोलणार, कारण पहिल्या प्रकरणाने माझी झोप घालवली. उत्तर प्रदेशातलं एक गाव, उष्णतेची लाट, वीज गेलेली. लोक रात्री तळ्यात उतरतात आणि तळ्याचं पाणीही गरम. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. हे आमच्यापासून किती लांब? चंबळ ओलांडली की झालंच उत्तर प्रदेश सुरू.

आधी मला वाटलं, लेखकाला आमचा उन्हाळा माहीत नसावा. ग्वाल्हेरला मे महिन्यात 45 अंश नवीन नाही. आम्ही वाळ्याचे पडदे लावतो, कूलरमध्ये पाणी भरतो, पन्हं पितो आणि जगतो. मग नीट वाचलं तर त्याचा मुद्दा वेगळाच आहे. तो ओल्या फुग्याच्या तापमानाबद्दल बोलतो. शाळेत दोन तापमापी शेजारीशेजारी असायचे आणि एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं, ते आठवतंय? कूलर हवा थंड करू शकतो ती जास्तीत जास्त त्या ओल्या तापमापीच्या आकड्यापर्यंत. घामाचंही तेच. ग्वाल्हेरला 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओला आकडा 23-24 च्या घरात, म्हणून कूलर चालतो आणि घाम वाळतो. पण 34 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की ओला आकडा 30 च्या पुढे जातो. आकडा 35 ला पोचला की निरोगी माणूस सावलीत पंख्याखाली बसूनही काही तासांत मरू शकतो, कारण शरीराची उष्णता जायला जागाच उरत नाही. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तर तरुण, धडधाकट माणसांचंही शरीर 31 च्या आसपासच हार मानायला लागलं.

म्हणजे जीव घेते ती आमची वैशाखातली लू नाही. त्यानंतर येणारी दमट उष्णता घेते, जिला आपण नुसतं 'उकडतंय' म्हणतो. माझी आई 78 वर्षांची आहे. पुस्तक वाचल्यापासून जुलैत तिच्या खोलीत मी नुसत्या कूलरवर विसंबत नाही, खिडकी उघडी आहे ना ते बघते आणि आर्द्रतेचा काटा आणून लावला आहे. एका कादंबरीने माझ्या घरात एवढा बदल केला.

पुढची पाचशे पानं मात्र माझ्याने सलग वाचवली नाहीत. बँका, बैठका, ठराव. मधली काही प्रकरणं मी सोडली, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

माळवी_वाचक

ताई, तुम्ही लिहिलंत तेव्हा मला आमच्या रात्री आठवल्या. शब-ए-मालवा म्हणतात ती उगाच नाही. इंदूर पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर. दिवसभर कितीही तापलं तरी हवा कोरडी असल्याने जमीन रात्री उष्णता वर सोडून देते आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं. रॉबिन्सनच्या गावात नेमकी रात्रच गेलेली आहे. हवेतली वाफ उष्णतेला वर जाऊच देत नाही. गच्चीवर झोपून ते प्रकरण वाचताना मी अंगावरची चादर चाचपून पाहिली.

दांडियाबजार (वडोदरा)

उशिरा येतो आहे. इथे एवढं चांगलं चाललंय आणि 'वामन'कडे कोणी फिरकलं नाही म्हणून राहवलं नाही.

मी नारळीकर वाचले ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, त्यातलं हे. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, वरचा उजेड खाली झिरपतो. शाळेत असताना त्या काचेवर पाय ठेवायची भीती वाटायची. 'यक्षांची देणगी' हाती पडली ती त्याच उजेडात.

'वामन परत न आला' 1980 च्या दशकातली. जमिनीखाली एक पेटी सापडते, आपल्याहून पुढारलेल्या आणि नष्ट झालेल्या संस्कृतीची. तिच्यातल्या ज्ञानावरून एक यंत्रमानव तयार होतो. तो हुशार आहे, नम्र आहे, कामाचा आहे. आणि त्याला एकच गोष्ट हवी आहे: आपल्यासारखे आणखी घडवायचं ज्ञान. एवढंच! हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर रोज जे बोललं जातं त्याचं बीज हेच, आणि आपल्याकडे ते कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसला वाढलेल्या खगोलशास्त्रज्ञाने बळीच्या गोष्टीतलं नाव घेऊन मांडलं. तीन पावलं जमीन मागणारा तो बटू. मागणी लहान दिसते, देणाऱ्याला कळत नाही आपण काय देतोय. परक्या भाषेत हे नाव नुसतं नाव राहील, आपल्याला शीर्षक वाचतानाच धोका कळतो.

पुस्तकातली माणसं मात्र पातळ आहेत, हे मान्य केलं पाहिजे. शास्त्रज्ञ एकमेकांना समजावून सांगतात, वाचकालाही समजावतात. वेन्जिएसारखं रात्रभर छळणारं माणूस नारळीकरांनी उभं केलं नाही. 20 मे 2025 ला ते गेले, तेव्हा मी पुन्हा सगळं वाचलं आणि हेच वाटलं. कल्पना इतकी मोठी की माणूस तिच्या सावलीत राहतो. माझं त्यांच्यावर प्रेम आहे म्हणूनच हे लिहितोय.

आणि मंदावलेल्या सूर्याबद्दल: नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांची 'द ब्लॅक क्लाउड' (1957) कुणी वाचली का? अंतराळातून एक प्रचंड काळा ढग येतो आणि सूर्य झाकतो. तो ढग जिवंत आहे, बुद्धिमान आहे, आणि ग्रहासारख्या ठिकाणी विचार करणारे जीव असू शकतात याचं त्यालाच आश्चर्य वाटतं. 'हेल मेरी'च्या चौसष्ट वर्षं आधीची. नारळीकरांच्याही एका कथेत ज्वालामुखीच्या धुळीने ऊन अडतं आणि मुंबईत बर्फ पडतं. पृथ्वी पुन्हा तापवायला वातावरणात कण सोडावे लागतात. रॉबिन्सनच्या कादंबरीत भारत सरकार विमानांतून गंधकाचे कण सोडतं ते पृथ्वी थंड करायला. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने 1991 मध्ये दीड-दोन कोटी टन गंधक डायऑक्साइड वर फेकलं होतं आणि जग अर्ध्या अंशाने थंड झालं होतं, त्याचा आधार. एकच आकाश, एकजण ऊब आणायला निघालाय आणि दुसरा सावली. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा.

भौतिकचे_सर

दांडियाबजार, यात अजून एक जोडा. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुळीने ऊन अडलं आणि 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. त्या पावसाळी, अंधाऱ्या दिवसांत घरात अडकलेल्या मेरी शेलीने 'फ्रँकेनस्टाइन' लिहायला घेतली. विज्ञान कादंबरीची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. ऊन झाकलं गेलं नसतं तर ती कदाचित त्या उन्हाळ्यात बाहेर हिंडत असती.

षड्ज_पंचम

सर, हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

गच्चीवरून

काल आम्ही चौघं जाम गेटला गेलो होतो. महूकडून मंडलेश्वरला जाताना विंध्याचा कडा जिथे संपतो आणि खाली निमाड पसरतं, ती जागा. दक्षिणेला समोर काहीच नाही, उलट जमीन खाली उतरलेली, त्यामुळे क्षितिज मोकळं. दहाला पोचलो तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यावर धुळीचा पडदा होता आणि त्रिशंकू तारकासमूह पश्चिमेकडे झुकून त्या धुळीत विरलेला. मला वाटलं, फेरी फुकट गेली.

साडेदहानंतर वारा पडला. आधी मित्रक दिसला, उजवीकडे. मग त्याच्या डावीकडे, खाली गावांचे दिवे आणि वर आकाश यांच्या मधल्या पट्ट्यात, मित्र. चार्टवर तो आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. इथे हवेचा इतका जाड थर ओलांडून आल्याने तांबूस, मंद, सारखा थरथरणारा. द्विनेत्रीतून एकच ठिपका दिसला, दोन वेगळे करता आले नाहीत. प्रॉक्सिमा तर साध्या साधनाने दिसणारच नाही. तो प्रकाश चार वर्षांहून जास्त काळ प्रवास करून आला होता आणि शेवटच्या क्षणी निमाडच्या धुळीतून गाळून आमच्यापर्यंत पोचला.

माळवी_वाचक, माझा आक्षेप कायम आहे, त्या ताऱ्यांची रचना तशी नाही. पण तिथे उभं राहिल्यावर वेन्जिएने त्याच दिशेला तोंड का केलं असेल ते कळलं. माझ्या बरोबरच्या मुलाने विचारलं, काका, आपण काही बोललो तर त्यांना कधी कळेल? तो अकरा वर्षांचा आहे. म्हटलं, तू दहावीत असशील तेव्हा. आणि उत्तर? त्याने बोटं मोजली आणि सांगितलं, कॉलेजात.

माळवी_वाचक

पुढच्या शनिवारी आकाश निवळलं तर मलाही न्या. 'ब्लॅक क्लाउड' कुणाकडे असेल तर सोबत आणा, मी 'हेल मेरी' आणते. परत येताना महूला चहा.

षड्ज_पंचम

मी पण. भाच्यालाही आणते.